धुळाचा पुरा आकडा

आमच्या धुळाला पुरा आकडा बोलायचा म्हटलं की घाम फुटतो. मोजतो लय पक्कं, पर तोंडानं सांगंल तर शपथ! माणदेशातला धनगराचा गडी, सगळा जल्म मेंढरांमागं गेला. आता साठीला आल्यावर मेंढरं भावाच्या हवाली केली आन् कोयनानगरजवळ आमच्या कॅम्पवर केबल सोडायच्या कामाला लागला. मी हंबीरराव, तिथला जीपवाला. फौजेतनं आलोय, डोकं जरा गरम हाय.

इथं भूकंपाच्या पट्ट्यात लय खोल बोअर मारलंय. केबलला थर्मामीटर बांधून त्यात सोडायचा आन् भुईच्या पोटातली ऊब मोजायची. केबलवर दर दहा मीटरला लाल खूण. गेल्या साली शंभराव्या खुणेला जेवढी ऊब व्हती तेवढीच यंदा हाय का, एवढंच आमच्या कॅम्पवरच्या शास्त्रज्ञ सृष्टी मॅडमना बघायचं व्हतं. केबल मोजणारा मीटर नेमका बंद पडला.

"धुळादादा, खुणा तुम्ही मोजा. शंभर झाल्या की थांबा."

धुळानं केबल सोडली. मेंढरं मोजताना टाकायचा तसा दर वीस खुणांना एक खडा खिशात टाकला, आन् थांबला.

"किती झाल्या?"

"नव्याण्णव."

"मग अजून एक सोडा."

धुळा घुटमळला, पर सोडली.

तासाभरानं मॅडम कॉम्प्युटरपुढनं ताडकन उठल्या. ऊब गेल्या सालापेक्षा डिग्रीचा पाचवा हिस्सा जादा! "हंबीरराव, खाली काहीतरी घडतंय. ऑफिसात सरांना आत्ताच कळवते."

या खोऱ्यात भुई तापली म्हणून नुसती कुजबुज झाली तरी माणसं पोरंबाळं घेऊन घराभाईर पडतील. मॅडम फोन घेऊन रेंज शोधत टेकाडाकडं निघाल्या. धुळानं खिशातलं खडं माझ्या हातावर ठेवलं. पाच व्हते.

"फौजी, मी शंभरावरच थांबलो व्हतो."

"मग नव्याण्णव का म्हणालास रं?"

"आवं, कळपाचा पुरा आकडा कुणी सांगतं व्हय? दिष्ट लागती. एक कमीच सांगायचा. तोंडाला तीच सवय."

"आरं, बोअरला कसली दिष्ट? काय डोकं हाय का खोकं!" माझं टाळकंच फिरलं. "आता सांगशील तर काम जाईल तुजं."

"जाऊंदे. पोरीनं चुकीचं कळवाय नगं." आन् म्हातारा टेकाडाकडं पळतच सुटला.

मॅडमनी ऐकलं, फोन खिशात घातला. चेहरा लाल झालेला. "एक खूण वर घ्या," एवढंच बोलल्या. परत तासभर वाट बघितली. धुळानं चहाला हात लावला न्हाई, मी दोन कप पिलो.

आकडा आला. गेल्या सालचाच, जसाच्या तसा! मॅडमनी मोठ्ठा श्वास सोडला आन् हसत सुटल्या. "दहा मीटर खाली गेलं की एवढी ऊब वाढतेच की! घाईत माझ्याही डोक्यात आलं नाही. धुळादादा, पुढच्या वेळीही खुणा तुम्हीच मोजा. पण आता सांगा, किती?"

धुळानं फेटा सारखा केला, बोअरकडं बघून हात जोडले. "शंभर," पुटपुटला, आन् लगेच तीनदा थू थू केलं. मला एवढं बरं वाटलं की मी त्याला मिठीच मारली.

आठवड्यानं तो सुट्टीवर निघाला. मॅडमनी साताऱ्याचे कंदी पेढे आणले व्हते.

"घरी नातवंडं किती, धुळादादा?"

"तीन."

मॅडमनी चार पुडे काढून दिले. धुळानं गपचूप पिशवीत भरले.