फादिमेची कडवी

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर मी आजवर फक्त टर उडवायला आले आहे. कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजले... मी आपली "फोटो काढलात का?" विचारणारी. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, त्यामुळे जे परत करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, असं माझं साधं मत होतं. हे मात्र माझ्यासमोर घडलं — भर दुपारी, कॉफी-केकच्या वेळेला.

२००६-०७ ची गोष्ट. आम्ही फ्रँकफर्टला राहायचो, माझं ऑफिस एश्बॉर्नला. एमिने माझ्याच टीममध्ये. तिचे आईवडील तुर्कस्तानातले, काळ्या समुद्राकाठच्या लाझ लोकांपैकी. लाझ भाषा तुर्कीहून अगदी वेगळी आणि घरोघरी मरत चाललेली, एमिनेला स्वतःलाच येत नव्हती. म्हणून ती आणि तिच्या ओळखीचे काही जण इथल्या लाझ घरांमधून जुन्या कॅसेट गोळा करायचे, गाणी उतरवून घ्यायचे, शिकायचे. टेप कॉम्प्युटरवर घेऊन साफ करण्याचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. शब्द एक कळायचा नाही, पण खरखर गेली की फार बरं वाटायचं.

एकदा तिने तिच्या आईची कॅसेट आणली. हातिजेमावशी फ्लेगेहाइममध्ये होत्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात. विसरण्याच्या आजारात आधी त्यांचं जर्मन गेलं, मग तुर्की, आणि आता कित्येक महिने त्या बोलतच नव्हत्या.

"मला ओळखत नाही गं ती," एमिने म्हणाली. "स्वतःचा आवाज ऐकून माझ्याशी बोलेल कदाचित... एकदाच."

मी जीव ओतून काम केलं. टेपमध्ये दर कडव्यानंतर लांबलचक शांतता होती. मला वाटलं, रेकॉर्डिंग बिघडलंय. सगळ्या मोकळ्या जागा कापल्या, कडव्याला कडवं जोडलं आणि सीडी केली. स्वतःवर खूशही झाले.

रविवारी तिकडे जाताना गाडीत एमिने सांगायला लागली. तिची आई आणि मावशी फादिमे, दोघी चहाच्या मळ्यात समोरासमोरच्या उतारांवरून गायच्या. एकीने कडवं टाकायचं, दुसरीने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं. सगळी चिडवाचिडवी! आई जर्मनीत आली तेव्हा फोन परवडेना, लिहिता येईना. मग ती कॅसेटवर गाऊन गावी पाठवायची.

"आल्झो, म्हणजे कसं, आपलं कडवं गायचं आणि फादिमेमावशीच्या उत्तराला जागा सोडायची. ही शेवटची कॅसेट. पाठवायच्या आधीच मावशी गेली."

"एमिने, ती जागा मी कापली गं. सगळी."

तिने समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असू दे. आईचा आवाज तर आहे ना."

फ्लेगेहाइममध्ये एमिनेच्या कॅसेट गोळा करणाऱ्या गटातले यूसुफकाका आधीच येऊन बसले होते. अस्खलित लाझ येणारे ते एकटेच. कुणी गाणार असेल तिथे रेकॉर्डर लावायची त्यांची पद्धत, तसा त्यांनी तो टेबलावर लावला. हातिजेमावशी खिडकीशी बसल्या होत्या, नजर शून्यात. मी सीडी सुरू केली.

पहिलं कडवं संपलं. आणि शांतता...

प्लेअरवर आकडे पळत होते, म्हणजे सीडी अडकली नव्हती. हातिजेमावशींनी मान कलती केली, थोडं ऐकलं आणि खुदकन हसल्या. दुसरं कडवं झालं. पुन्हा शांतता. आता त्या खिडकीकडे बघून बोलल्या — स्पष्ट, जरा दटावून.

"काय म्हणाली आई?" एमिनेने घाईघाईने विचारलं.

यूसुफकाकांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणतेय, हळू गा फादिमे, माझ्या एमिनेला शिकायचंय."

पुढे प्रत्येक शांततेत त्या ऐकायच्या आणि एकेक ओळ लेकीला गाऊन दाखवायच्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून. एमिने रडत रडत मागून म्हणत होती. आम्हाला मात्र त्या शांततेत हातिजेमावशींखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेर कपबशा वाजत होत्या, त्यांचाही आवाज तेवढ्यापुरता बंद व्हायचा. मी खूप घाबरले होते.

एका कडव्याला काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "हे तुझ्यावर आहे. काळे मणी घातलेली परकी बाई माझी कडवी कापून घेऊन गेली. बहिणी, तिला म्हणावं, माघारी दे."

माझं मंगळसूत्र बंद गळ्याच्या स्वेटरच्या आत होतं. कापल्याचं मी फक्त एमिनेला सांगितलं होतं, तेही गाडीत, आणि तिथून आम्ही क्षणभरही वेगळ्या झालो नव्हतो.

घरी येऊन तीच सीडी लावली. कडव्याला कडवं जोडलेलं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. काकांच्या रेकॉर्डरवर मात्र सगळ्या जागा आहेत आणि त्यांत हातिजेमावशींचा आवाज. नवरा म्हणतो, प्लेअर बिघडला असेल आणि मावशींना जुनी कडवी आठवली असतील. असेल बाबा! पण मणी?

हातिजेमावशी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. वसंतात गेल्या. एमिनेचा गट आता ते गाणं कार्यक्रमात म्हणतो, फादिमेची कडवी एमिने गाते. माझ्यावरचं आलं की लोक खळखळून हसतात.

मूळ कॅसेट मी पुन्हा उतरवली, सगळ्या मोकळ्या जागांसकट, आणि एमिनेला देऊन टाकली. उतरवताना स्पीकर बंद ठेवला होता. स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघेवर मात्र लक्ष होतं; शांतता असली की ती सरळ जाते... त्या जागांमधली रेघ या वेळी सरळ नव्हती.