कोटाचा आतला खिसा

साहेबांना परदेशी पदकांचा नाद आहे. कुठल्या देशाने बोलावलं की विमानात बसायच्या आधीच यांची छाती पुढे येते. ती पदकं आणि त्यांचे रेशमी पट्टे सांभाळायचं काम माझ्या मावशीकडे. साहेबांच्या बंगल्यात जिन्याखाली कपड्यांची खोली आहे, तिथे इस्त्रीच्या वाफेत तिचं अर्धं आयुष्य गेलं. पदकं ती मऊ फडक्याने पुसायची, लहान बाळाचं तोंड पुसावं तशी. मला शिसारी यायची. ती म्हणायची, "अगं, पदक त्यांचं असलं तरी काम आपलं आहे."

तिचा एकुलता एक मुलगा, माझा दादा, परदेशात इमारतींच्या परांच्या बांधायला गेला होता. एक परांची कोसळली, माणसं मेली. मालकाने हात झटकले आणि खापर दादावर फुटलं. तेव्हापासून तो तिथल्या तुरुंगात आहे. त्याला सोडणं फक्त तिथल्या राजाच्या हातात.

नेमका त्याच राजाने साहेबांना देशाचा सर्वोच्च सन्मान जाहीर केला. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. निघायच्या दिवशी साहेबांना कोट चढवताना तिने दादाचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आतल्या खिशात ठेवला.

"मागे नाव लिहिलंय, साहेब. तुम्ही राजापाशी एक शब्द टाकलात तर सुटेल तो."

"टाकतो ना, मावशी! त्यात काय एवढं!"

साहेब परतले त्या दिवशी बंगल्यावर सत्काराला ही गर्दी. मीही मावशीच्या हाताखाली कप उचलत होते. कोटावरच्या बशीएवढ्या पदकावरून हात फिरवत साहेब रंगात आले होते.

"गंमत सांगतो! राजेसाहेब स्वतः पदक लावायला आले, तर पिन आत जाईना! खिशात जाड काहीतरी होतं. शेवटी त्यांनी असा जोर लावला, की घुसली एकदाची! आम्ही दोघं काय हसलो!"

सगळे खो खो हसले. लाळघोटे मेले! मावशी ट्रे धरून दारातच उभी राहिली.

पाहुणे पांगल्यावर कपड्यांच्या खोलीत कोट उतरवून घेताना तिने आतल्या खिशात हात घातला. पिन दादाच्या गालातून आरपार गेली होती. तिने फोटो पिनेतून सोडवून साहेबांपुढे धरला.

"खिशात जाड होतं ते हे, साहेब."

"अरेच्चा! राहूनच गेलं बघ. पुढच्या खेपेला नक्की," साहेब म्हणाले. जाता जाता वळलेसुद्धा. "आणि पदक जरा चमकव हं. उद्या फोटोवाले येतायत."

ते गेल्यावर मावशी पदकावर थुंकली. फडकं घेतलं नाही. इस्त्री बंद केली आणि आम्ही मागच्या दाराने निघालो, ते कायमचेच.

घरी फोटो भिंतीवर लावायला मी टाचणी घेतली. भोक आयतंच होतं, म्हणून त्यातच घालायला गेले. मावशीने माझा हात धरला.

"नको गं. पुन्हा नको टोचू त्याला."