उखा मास्तरांची वस्तुपाठाची पेटी

कोरीटच्या वाटेवरच्या एका खेड्यात उखा मास्तरांची शाळा होती. त्या शाळेत सृष्टिविज्ञान शिकवले जाई, आणि तेही कशाला हात न लावता. हा शोध मास्तरांचा स्वतःचा.

झाले असे, की पहिले महायुद्ध संपता संपता वरच्या कचेरीतून शाळेला वस्तुपाठाची पेटी आली. मुलांनी वस्तू हाताळून शिकावे, असा कचेरीचा उदात्त हेतू होता. सागवानी पेटी, पितळी कडी, भलेमोठे कुलूप. आत बाटल्या: एकीत कापसाचे बोंड, दुसरीत ज्वारीचे दाणे, तिसरीत काळी माती. पोरांचे पाय घोट्यापर्यंत त्याच मातीने माखलेले असत, पण ती बिचारी सरकारी नव्हती. तळाशी मात्र गावाने कधी न पाहिलेल्या दोन वस्तू होत्या, लोहचुंबक आणि भिंग. सोबत हुकूम आला होता: काही फुटल्यास शिक्षक जबाबदार.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी दार लावून घेतले आणि भिंगातून स्वतःचा अंगठा पाहिला. अंगठ्यावर नांगरलेले शेत दिसले. मास्तर एकटेच हसले. उद्या सगळ्या पोरांना दाखवायचे, असे ठरवून ते निघाले आणि वाटेत त्यांना हुकूम आठवला. तो उद्या काही उगवला नाही.

पोरे मग पाठ करू लागली, ‘भिंगातून मुंगी मोठी दिसते. चुंबक लोखंडास ओढतो.’ तपासणीला दिपोटीसाहेब येत, पाठ ऐकत, कुलूप चकाकताना पाहून ‘पेटी उत्तम’ असा शेरा देत. पेटी उघडा, असे कोणी म्हणाले नाही. पाटलांकडे साहेबांसाठी केलेले खापरावरचे मांडे निवत असत ना.

पुढे एके दिवशी पाणी शेंदताना मास्तरांच्या करगोट्याला बांधलेली पेटीची किल्ली सुटून विहिरीत पडली. गावाने गळ टाकला. दोन बादल्या वर आल्या, कोणाचा तरी हरवलेला तांब्या आला, त्यावरून दोन घरांत भांडण झाले, पण किल्ली आली नाही. तेव्हा चौथीतली दगू उभी राहिली. तिचा पाठ नेहमी तयार असे.

“मास्तर, चावी लोखंडनी शे. चुंबकले दोरी बांधीसन हेरमा सोडूत.”

“चुंबक पेटीमा शे, माय.”

“मंग पेटी उघडा.”

“चावी हेरमा शे.”

दगू खाली बसली. कुलूप फोडणे शक्य नव्हते, कारण कुलूपही सरकारीच. किल्ली गेल्याचे सगळ्या गावाला ठाऊक होते, फक्त कचेरीला नव्हते, आणि गावाने ते इमानाने पोटात ठेवले. खरे तर मास्तरांना जरा सुटल्यासारखेच वाटले. आता पेटी न उघडायला कारण मिळाले होते.

अशी नोकरी सरली. आखाजीच्या सणाआधी नवे मास्तर इंद्रसिंग चार्ज घ्यायला आले. एक जरी वस्तू कमी निघाली, तर इतक्या वर्षांच्या नोकरीला डाग लागणार होता. मास्तरांना जेवण जाईना. पंच बसले, कुलूप फुटले. आखाजीसाठी माहेरी आलेल्या लेकी दाराशी जमल्या. त्यात लेक कडेवर घेतलेली दगूबाईही होती.

सगळे होते. बोंड होते, माती होती, एकही बाटली तडकली नव्हती. इंद्रसिंगांनी चुंबकाला खिळा लावला, तो खाली पडला. चुंबकाने मास्तरांच्या आधीच पेन्शन घेतली होती. पण चुंबक अखंड होता, आणि यादीत एवढेच विचारले होते. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते सुटले होते.

तेवढ्यात दगूबाईने न विचारता भिंग उचलले आणि उंबऱ्यावरच्या मुंगीवर धरले. ती बराच वेळ वाकून राहिली. मग मान वर करून म्हणाली, “मास्तर, हाई आम्हले का बरं दखाडं नही?” आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांना सोपे गेले असते.

“फुटी जातं ना, माय.”

दगूबाईने भिंग लेकीच्या हातात दिले. मास्तरांचे दोन्ही हात आपोआप खाली ओंजळीसारखे गेले. पोरीकडून भिंग दुसरीकडे गेले, तिथून तिसरीकडे, कणकेच्या हातांतून, पोरांच्या चिकट बोटांतून. जिथे भिंग, तिथे खाली मास्तरांची ओंजळ. दिवे लागायच्या वेळेला ते फिरून पेटीत आले, त्याला साधा ओरखडाही नव्हता.

भिंग फुटले नाही, आणि मास्तरांना त्याचेच फार वाईट वाटले.