मनकर्णेचा खण

पाटोद्याकडच्या गावांत तेव्हा घर खोल्यांनी मोजत नसत, खणांनी मोजत. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. मग त्यात माणूस राहो की म्हैस.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मनकर्णेचा नवरा प्लेगात गेला. पोरबाळ नव्हतं. थोरला दीर त्रिंबक आणि जाऊ साखराबाई यांनी गृहीतच धरलं होतं, की ही आता माहेरी जाणार. ती कसली जातेय! तिनं पंच बसवले आणि पाच खणांच्या घरातला एक खण नवऱ्याचा वाटा म्हणून मागितला. पंचांनी दिलाही.

पण त्रिंबक पक्का बेरकी. त्यानं कडेचा, बिनदाराचा खण तिच्या गळ्यात मारला आणि मधे तुराट्यांचा कूड घालून टाकला. मनकर्णेची माहेरची पेटी आत कोंडली गेली, ती राहिली बाहेर.

"खण तुजा, दार आमचं," तो म्हणाला. "आमच्या खणातून पाय टाकायचा न्हाई. जमत न्हाई तर माहेरची वाट धर."

मनकर्णा रडली, नाही असं नाही. मग पदर खोचला, शेजारची पहार आणली आणि मागच्या बोळातून भिंतीवर घाव घातला.

त्रिंबक धावत आला. "काहून भिंत फोडती? घर पाडती का काय?"

"माळवद खांबावर हाय, भावजी. आन् ही भिंत माज्याच खणाची हाय. पंचाला इचारा."

दिवेलागणीपर्यंत वाकून जाता येईल एवढी वाट झाली. खाली तिनं सपाट दगडाचा उंबरा बसवला. दाराला लाकूड कुठलं? पेटीचं झाकण उचकटून तेच आडवं लावलं. एवढंसं दार बघून गाव हसलं. हसेना का, राहायचं तिला होतं.

उघड्या पेटीत लहान लहान खण होते. एक सुपारीचा, एक सुईदोऱ्याचा, एक कुंकवाचा. नवरा गेल्यापासून त्या शेवटच्या खणाकडे तिनं पाहिलंही नव्हतं. आज त्यात तळाला उरलेलं कुंकू बोटांनी निपटून घेतलं आणि ती उंबऱ्याला लावू लागली.

बोळात उभ्या साखराबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! रांडमुंड बाईनं कुंकवाला हात लावावा?"

मनकर्णेचं बोट थांबलं नाही.

"कपाळ रिकामं झालं माजं, जाऊबाई. घर न्हाई."