धर्मराजमामांची पसंती

आमच्या धर्मराजमामांनी सत्तावीस वर्षं एसटी चालवली. ते रिटायर झाल्यावर जालन्याच्या एका बियाणेवाल्या शेठनं त्यांच्यापुढं दोन लालभडक परदेशी गाड्या उभ्या केल्या. मॉडेल एकच, सीटा दोनच. पण एकीचं छत पक्कं, दुसरीचं दुमडणारं.

"टेंभुर्णीपर्यंत चालवून बघा, मामा. कोणती घेऊ?"

दोन्ही खेपांना मामा सवयीनं प्रत्येक थांब्यावर थांबले. कोणी हात केला तरी थांबले.

परतल्यावर खुशीत म्हणाले, "पळायला दोन्ही बराबर हायेत, शेठ. पण उघडीच घ्या. बंद गाडीत एकच सवारी बसली. उघडीत मागं डिकीवर बसवून पाच आणल्या. अन् ती टेंभुर्णीची म्हातारी बघा, अजून उतरून न्हाई राह्यली!"