साफ केलेल्या डब्या

आमच्या गिरगावच्या कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत लालबागचे एक अटेंडंट होते. त्यांचा मला भयंकर राग यायचा. जिभेने ओल्या केलेल्या ब्रशने ते खडकाच्या चुऱ्यातून प्राचीन समुद्रजीवांची कणभर कवचं वेचायचे आणि जवळ कुणी गेलं की खेकसायचे, “श्वास तिकडे सोडा!” मला, हेडक्लार्कला!

तपासणी समिती येणार होती. ते रजेवर असताना मी त्यांच्या डब्या झटकून, मळकी लेबलं खरवडून घेतली. आतले कण मला धूळच वाटले.

परतल्यावर ते ओरडले, “साहेब, कुठला खडक, किती खोलवरचा, हे लेबलावर होतं म्हणून हा कण खडकाचं वय सांगायचा. कुठे समुद्र होता, कुठली जमीन कुठल्या जमिनीला चिकटलेली होती, तेही सांगायचा. आता ही चौपाटीची वाळू!”

“मग तसा बोर्ड लावायचा होता!” मीही ओरडलो.

त्यांनी केराच्या डब्यातून कण वेचले आणि बाटलीत भरून माझ्या टेबलावर ठेवले. लेबलावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘ठिकाण माहीत नाही. वय माहीत नाही. मिसळणारा’, आणि पुढे माझं पूर्ण नाव.

ते निवृत्त झाले. त्या बाटलीचं झाकण कुणी उघडलं की आता मीच खेकसतो, “श्वास तिकडे सोडा!”