चार मिलीची खूण

नऊ जुलै, मंगळवार. दुपारी दोनचं औषध द्यायचं होतं. बाबांच्या नाकातल्या नळीतून सिरिंजने, आणि मागून थोडं पाणी.

बाबांना फिट्स येतात. औषध सुरू झाल्यापासून सात महिने एकही आली नव्हती. रविवारी एक आली, सोमवारी दोन, मंगळवारी सकाळी पुन्हा एक. डॉक्टर म्हणाले, आणखी एक आली तर ॲडमिट करा. मागच्या खेपेला आयसीयूतून बाबा आले ते वाचा गमावून. या खेपेला येतील असं मला वाटत नव्हतं.

दुपारी त्यांना सांभाळायला मोरवा गावच्या एक मावशी असतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच सिरिंजवर चार मिलीच्या रेघेला नेलपॉलिशची खूण केली होती. पुढे मीही खुणेपर्यंतच भरू लागले. आकडा कोण बघतं!

"मावशी, खरं सांगा, औषध चुकवलंत ना?"

"न्हाय. खुणेवर भरते रोज."

"मग फिट का येते?"

"सकाळी-राती तुमीच देता. मंग मलाच का इचारता?"

"उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं. त्या चपला घालून निघून गेल्या.

मी बाटली उचलली. शनिवारी केबिन रोडवरच्या औषधाच्या दुकानातून आणलेली. एक्सपायरी तरी उलटली असेल म्हणून लेबल वाचलं. ५ मिलीत ३० मिलिग्रॅम. जुनी बाटली कचऱ्यातून काढली. नाव तेच, पण ५ मिलीत १२५.

मी घरी सातवीच्या शिकवण्या घेते. त्रैराशिक माझ्या हातचा मळ. बाबांचा डोस १०० मिलिग्रॅम. जुन्या बाटलीत एका मिलीला पंचवीस, म्हणून चार मिली. नव्या बाटलीत एका मिलीला सहा, म्हणजे साडेसोळाच्या थोडं वर. आम्ही चारच देत होतो. शंभराच्या जागी चोवीस. तीनदा करून पाहिलं, उत्तर बदललं नाही.

दुकानात फोन केला. "मॅडम, बड़ा पावरवाला आया नहीं था, तो ये दिया. आपने पूछा कहाँ?" नव्हतंच विचारलं.

मग डॉक्टरांना. त्यांनी दोन्ही बाटल्यांचे आकडे पुन्हा विचारले. "हिशोब बरोबर आहे. बाटली नीट हलवा, साडेसोळा द्या. मागचं भरून काढायला थेंबही जास्त नको. जुनीच बाटली शोधा, उद्या रक्त तपासू. फिट पाच मिनिटांवर गेली तर मला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा."

औषध दिलं आणि घड्याळ घेऊन खाटेशी बसले. साडेचारला बाबांच्या ओठाचा कोपरा उडू लागला. वीसपर्यंत मोजलं, थांबला. बाबांच्या नजरेत ओळख नव्हती. मी सॉरी म्हटलं, ते त्यांना कळलं की नाही देव जाणे. ही फिट धरायची की नाही, तेही मला ठरवता येईना. हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली.

रात्र तशीच गेली. सकाळी शेजारणीला बाबांजवळ बसवून रिक्षाने मोरव्याला गेले. मावशी ओट्यावर बोंबील साफ करत होत्या.

"चूक माझी होती," मी उभ्या उभ्याच म्हटलं. "बाटली बदलली होती. मी वाचली नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "बाबा कसं हाय?"

"रात्री फिट नाही आली. पण डोळे उघडत नाहीत."

"रिक्षा सोडू नका," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या.